गळ्यातली उंबरं

“माझं कुणी खरं मानलं नाही. एकानंही नाही. हळू सांगितलं, ओरडून सांगितलं, रडून सांगितलं. तरी नाहीच!”

असं जिचं म्हणणं होतं, ती एक धनेशीण होती. डोंगराच्या कुशीतल्या एका रानात, दरीच्या काठावरच्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत तिचं घर होतं. घर कसलं, त्या दिवसांत ती तिथं कोंडूनच बसली होती. रानात सगळे तिला धनाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला धनोबा. आता तिचं कुणी खरं का मानलं नाही, ते नीट ऐका मुलांनो. आणि मधे मधे बोलू नका. मधे बोलण्यापायीच हे सगळं झालं.

धनेश पक्ष्यांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते. नर चोचीतून चिखल आणून देतो आणि ती आतून दार लिंपत जाते. लिंपता लिंपता एवढीशी फट उरते, चोचीचं टोक जाईल एवढी. मग आत ती आपली उडायची पिसं गाळून टाकते, त्यांचं अंथरूण करते आणि त्यावर अंडी घालून बसते. नवी पिसं येईपर्यंत तिला उडता येत नाही. तिचा घास, पुढं पिल्लांचा घास, सगळं त्या एका फटीतून यायचं आणि ते आणायचं नवऱ्यानं. दुसरं कुणी नाही. दुसऱ्याच्या भरवशावर आपले पंख उतरवून ठेवायचे, हा काय खेळ आहे? पण धनाईनं ठेवले. तिच्या आईनंही ठेवले होते, आजीनंही.

सुरुवातीचे दिवस गोड होते. आतला अंधार मऊ होता, जुन्या गोधडीसारखा. फटीतून उजेडाची एक दोरी आत यायची. सकाळी ती धनाईच्या पायांशी असायची, दुपारी अंड्यांवर चढायची आणि संध्याकाळी भिंतीवर जाऊन विझायची. बाहेर पानं सळसळली की सगळी ढोलीच हलके हलके झोके घेतेय असं वाटायचं. धनाई अर्धी जागी, अर्धी झोपेत असायची. कधी तिला वाटायचं, आपण झाडाच्या पोटात नाही, कुठल्या तरी स्वप्नाच्या पोटात बसलोय आणि ते स्वप्न झाडाला पडलंय.

मग लांबून आवाज यायचा. भस्स... भस्स... भस्स... कुणी आभाळात सुपानं धान्य पाखडतंय जसं. धनोबाचे पंख! तो फांदीवर बसायचा, मान वरखाली करायचा आणि गळ्यात साठवून आणलेली उंबरं एक एक करून वर काढायचा. एक उंबर, दुसरं, तिसरं. फटीतून धनाईच्या चोचीत.

“पोट भरलं का गं?” तो विचारायचा.

“भरलं हो. तुम्ही खाल्लंत का?”

“माझं काय, मी बाहेरच आहे.”

एवढंच बोलणं. पण त्या एवढ्याशा बोलण्यावर तिचा सगळा दिवस निघायचा.

आता त्या रानाची दुसरी गोष्ट सांगते. माघ-फाल्गुनात रोज सकाळी तिथली दरी धुक्यानं भरायची. काठोकाठ, दुधाच्या टोपासारखी. मग रानातली सगळी जनावरं-पाखरं दरीच्या कडेनं आपापल्या जागी येऊन बसायची, कुणी कातळावर, कुणी वाळक्या फांदीवर, आणि धुक्यात तोंड करून बोलायची. कुणी कुणाला दिसत नसे. नुसते आवाज. ह्या काठाचा आवाज धुक्यावरून तरंगत तरंगत त्या काठाला जायचा आणि जाताना मोठा व्हायचा. उंदीर जरा जरबेनं बोलला तर वाघ बोलल्यासारखं वाटायचं. याला ते धुक्याची बैठक म्हणत.

बैठकीत नाही तो विषय नव्हता. खबरा आणायचा भृंगराज. हे काळं, लांब शेपटीचं पाखरू घाटरस्त्यापर्यंत जाऊन यायचं आणि त्याला कुणाचाही आवाज हुबेहूब काढता यायचा. ससाण्याचा, मांजराचा, माणसाच्या शिट्टीचा, कशाचाही.

“ताजी खबर!” तो ओरडायचा. “माणसांनी नदीवर पाटी लावली!”

“काय लिहिलंय पाटीवर?”

“ते मला वाचता येत नाही. पण खबर पक्की आहे!”

झालं! मग त्या पाटीवर काय लिहिलंय यावर उन्हं येईपर्यंत वाद. कोल्हा म्हणायचा, “नवा कायदा आहे तो. दिवसा पाणी पिणाऱ्याला हद्दपारी.” कुणी म्हणायचं, कायदा फक्त शिंगवाल्यांना आहे. कुणी म्हणायचं, तीन पिढ्या मागं जाऊन लागू होणार. आणि सातभाई, ते मातकट रंगाचे सात पक्षी, नेहमी एकत्र, नेहमी एका सुरात, जो शेवटी बोलेल त्याला म्हणायचे, “खरंय, खरंय, खरंय!” ज्याला सातभाईंनी ‘खरंय’ म्हटलं, तो दिवसभर छाती काढून फिरायचा.

पलीकडच्या काठावरून मात्र एक भसाडा आवाज यायचा, फुटक्या मडक्यासारखा. “कुणी नदीवर जाऊन पाटी बघितली का रे, मेल्यांनो?”

“गप्प बस, गप्प बस, गप्प बस!” सातभाई कलकलायचे. तो आवाज कुणाचा, कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला नुसतं ‘भसाड्या’ म्हणत.

धनोबा ह्या बैठकीला कधी जात नसे. त्याची वाटच निराळी होती, उंबरापासून बेहड्यापर्यंत. पण एका सकाळी गळा भरून परत येताना तो काठावरच्या वाळक्या सावरीच्या झाडावर जरा टेकला. धुक्यात पेटीचा वाद रंगला होता. माणसांनी पायवाटेवरच्या एका झाडाला एक पेटी बांधली होती. समोरून कुणी गेलं की ती लाल डोळा मिचकावायची.

“ती पेटी सावली काढून घेते,” कोल्हा सांगत होता. “सावली गेली की आठ दिवसांत जनावर वाळतं. माझा अभ्यास आहे ह्या विषयात.”

“खरंय, खरंय!”

धनोबाला राहवेना. तो त्या पेटीसमोरून रोज जायचा. त्याची सावली होती तिथंच होती. त्याला बोलायचं होतं, पण गळ्यात उंबरं. गळ्यात उंबरं भरलेली असली की धनेशाला बोलता येत नाही, नुसतं गुरगुरता येतं. त्यानं थोडा दम धरला. कोल्हा पुढं बोलतच होता. तेव्हा धनोबानं काय केलं? मान मागं टाकली आणि सगळी उंबरं गिळली.

“चूक!” तो म्हणाला. त्याचा आवाज धुक्यावरून असा काही घुमला की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. “मी त्या पेटीसमोरून महिनाभर उडतोय. माझी सावली बघायला या. वाळलोय का मी?”

मग सातभाई म्हणाले, “खरंय! खरंय! खरंय!”

त्या दिवशी तो ढोलीपाशी आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

“काय आणलंत?” धनाईनं विचारलं.

“अगं, आज कोल्ह्याचं तोंड बंद केलं मी!”

“बरं केलंत. त्याला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. आणि उंबरं?”

“उंबरं ना... मधेच गिळावी लागली गं. तोंडात घास धरून उत्तर कसं देणार? थांब, अजून एक असेल तळाशी.”

एक होतं. तिनं ते घेतलं. एक दिवस म्हणून तिनं काही मनाला लावून घेतलं नाही. उलट तिला जरा बरंच वाटलं. आपला माणूस बोलतो आणि रान ऐकतं, कुणाला आवडणार नाही?

पण दुसऱ्या दिवशी कोल्ह्यानं उलट उत्तर दिलं, मग त्याला उत्तर देणं आलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी धनोबाचं बोलणं मोडून-तोडून सांगितलं, मग ते दुरुस्त करणं आलं. रोज सकाळी तो गळा भरून निघायचा आणि रोज सावरीवर टेकायचा. ‘नुसतं ऐकतो आणि निघतो,’ असं म्हणून टेकायचा. आणि रोज कुणीतरी काहीतरी असं बोलायचंच, की उंबरं गिळल्याशिवाय गत्यंतर नसे. मग उरलेला दिवस उद्याचं उत्तर जुळवण्यात जायचा आणि परत उंबराकडं जाणं राहून जायचं.

“आज काय आणलंत?”

“आज पाणवठ्याच्या कायद्यावर बोललो.”

“आज काय आणलंत हो?”

“आज सातभाई चारदा ‘खरंय’ म्हणाले. चारदा!”

“ते खाता येतं का?”

धनोबाला राग आला. “तुला काय कळणार, तू आत बसलेली! बाहेर केवढे मोठे प्रश्न आहेत माहीत आहे?”

होती खरी ती आत बसलेली. आत एवढ्यात अंडी फुटली होती. दोन पिल्लं, उघडीवाघडी, गुलाबी. एक थोरलं, दुसरं त्याच्याहून दोन दिवसांनी धाकटं. दोघं सारखी चोच वासायची. जगात त्यांना बाकी काहीच ठाऊक नव्हतं.

शेजारच्या आंब्यावर शेकरू, ती मोठी तांबडी खार, राहायची. धनाईनं फटीतून तिला हाक मारली. “शेकरूताई, अगं ऐकतेस का? चार दिवस झाले, घरात नीट घास नाही. ह्यांना जरा सांगशील?”

शेकरूनं शेपटी झटकली. “काय बोलतेस धनाई! अगं, तुझा नवरा म्हणजे देवमाणूस. काल बैठकीत काय बोलला! सगळं रान गहिवरलं.”

“कशावर बोलले?”

“भृंगराजानं खबर आणली होती. पल्याडच्या रानात एक धनेशीण म्हणे ढोलीत उपाशी मेली. तर तुझे धनोबा म्हणाले, ‘घास आधी, बाकी सगळं मागून! कोंडलेल्या माद्यांचा घास चुकवणाऱ्याला रानातून हाकला. असा कायदाच झाला पाहिजे!’ माझ्या डोळ्यांना पाणी आलं बाई.”

धनाईनं पिल्लांना पोटाशी ओढलं. मग म्हणाली, “आणि ते बोलताना त्यांच्या गळ्यातली उंबरं कुठं होती?”

“आता बाई! इतकं चांगलं बोलणारा माणूस घरी उपाशी ठेवील का? आत बसून बसून तुझ्या मनात नाही नाही ते येतंय. जरा झोप काढ,” असं म्हणून शेकरू टुणकन उडी मारून गेली.

तिनं फांदीवर आलेल्या हळद्या पक्ष्याला सांगितलं, तो हसला. कबुतरासारख्या होल्याला सांगितलं, तो म्हणाला, “घरातल्या गोष्टी बाहेर काढू नयेत, वहिनी.” सगळ्यांनी धनोबाला धुक्यात ऐकलं होतं. धनाईला कुणी पाहिलंही नव्हतं. एका फटीचं कोण ऐकतो?

ढोलीत आता उजेडाची दोरी तेवढी वेळेवर यायची. धाकट्याला त्या दोरीचा नाद लागला. ती जिथं सरके, तिकडं ते तोंड करायचं आणि चोच उघडायचं, जसं काही उजेडच खातंय. धनाई भिंतीचा वाळका गर खरवडायची, त्यातल्या जुन्या उंबराच्या साली निवडायची, अर्धी थोरल्याला द्यायची, अर्धी धाकट्याला. आणि झोपेच्या आणि भुकेच्या मधल्या कुठल्याशा जागी तिला उंबराची झाडं दिसायची. लालभडक लगडलेली, धुक्यात तरंगणारी, मुळं नसलेली झाडं. चोच पुढं केली की ती मागं सरायची.

एका सकाळी धुकं फार दाट होतं. दरीतून वर येऊन ते बेहड्यालाही वेढून बसलं, आणि बैठकीतला शब्द न् शब्द धनाईला घरात ऐकू यायला लागला. धनोबाचा आवाज चालू होता. मोठा, भरदार. कोंडलेल्या माद्यांच्या कायद्याचं कलम तो समजावून सांगत होता.

तेवढ्यात तो भसाडा आवाज आला. “ए भाषणवाल्या! एक सांग. गळ्यात उंबरं असताना धनेशाला बोलता येतं का?”

“नाही,” सातभाईंपैकी एक जण चुकून एकटाच बोलून गेला.

“मग तू रोज पहिला कावळा ओरडल्यापासून उन्हं येईपर्यंत बोलतोस. घरी उंबरं नेतोस कधी?”

सगळ्यांची तोंडं धनोबाच्या आवाजाकडं वळली.

“हे माझ्यावर वैयक्तिक बोलणं झालं!” धनोबा कडाडला. “मुद्द्याला धरून बोला! माझ्या घराचा इथं काय संबंध?”

“मुद्दा! मुद्दा! मुद्दा!” सातभाईंना हायसं वाटलं.

धनाईनं तेव्हा फटीला चोच लावली आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडली, “मी धनाई बोलतेय! अहो, मी उपाशी आहे! पोरं उपाशी आहेत! धाकटं मान टाकतंय! कुणीतरी या!”

तिचा आवाज धुक्यावर गेला, मोठा झाला, सगळ्या काठांना लागला. सगळ्यांनी ऐकला. नाही कसा ऐकला?

पहिला बोलला कोल्हा. “हा आवाज खरा कशावरून? हल्ली आवाजाचा काही भरवसा राहिलेला नाही. भृंगराज कुणाचाही आवाज काढतो. धनोबाला बदनाम करायला कुणी हे घडवून आणलं असेल. नवनवीन युक्त्या निघाल्यात.”

“मी नाही बुवा काढला!” भृंगराज म्हणाला, तो नेमका कोल्ह्याच्याच आवाजात. त्यामुळं शंका वाढली.

“बनावट! बनावट! बनावट!”

“थांबा,” कोल्हा म्हणाला. कालपर्यंत तो धनोबाचा वैरी होता, पण धुक्यात मैत्री व्हायला कितीसा वेळ लागतो? “आपण न्यायानं जाऊ. धनोबा, बायको तुमची. तुम्हीच सांगा. हा तिचा आवाज आहे का?”

धनाईनं फटीला कान लावला. ह्या आवाजानं तिनं त्याला माघापासून रोज विचारलं होतं, तुम्ही खाल्लंत का? तो लांबून येताना नुसत्या पंखांवरून ती त्याला ओळखत होती. आता तो ओळखेल. येईल, शिव्या देत येईल, रडत येईल, पण येईल. पंखांचा आवाज यायची ती वाट बघत राहिली. धुकं फटीतून आत येऊन तिच्या पायांशी बसलं.

“नाही,” धनोबा म्हणाला. “माझी धनाई ढोलीत सुखात आहे. हा तिचा आवाज नव्हे.”

“खरंय, खरंय, खरंय!”

त्यानंतर धनाई ओरडली नाही. तीन दिवसांनी उजेडाची दोरी सरकत सरकत धाकट्याच्या अंगावर आली, तोंडावर आली, पण त्यानं चोच उघडली नाही. ती दोरी त्याच्यावर बराच वेळ थांबली. मग भिंतीवर गेली.

त्याच दिवशी संध्याकाळी फटीपाशी खरखर झाली. धनाईनं पाहिलं तर एक म्हातारी माकडीण! भुवया पांढऱ्या, एक कान फाटलेला आणि दोन्ही गाल हे एवढे फुगलेले. ती एक शब्द बोलली नाही. गालातून एक उंबर काढलं, फटीत घातलं. दुसरं काढलं, घातलं. धनाई घेत होती आणि थोरल्याच्या चोचीत देत होती. दोन्ही गाल रिकामे झाले तेव्हा कुठं म्हातारीनं तोंड उघडलं, आणि आवाज आला फुटक्या मडक्याचा.

“सावकाश खा बाई, सावकाश. उपाशी पोटाला एकदम सोसत नाही.”

“तुम्ही? भसाड्या तो तुम्ही?”

“मीच. बापई गडी समजतात मेले मला. समजू देत. पाय अधू आहे माझा, म्हणून यायला तीन दिवस लागले. दरी उतरून चढायची म्हणजे...” तिनं फटीतून आत वाकून पाहिलं. धाकटं दिसलं.

“तुम्ही तरी माझं खरं मानलंत,” धनाई म्हणाली.

“नाही गं बाई. खोटं कशाला बोलू? खरंही मानलं नाही आणि खोटंही मानलं नाही. म्हटलं, जाऊन बघावं. खाली उभी राहिले आणि कळलं. धनेशाच्या ढोलीखाली बियांचा सडा पडलेला असतो, पाय ठेवायला जागा नसते. तुझ्या झाडाखाली बघ, झाडून काढल्यासारखं अंगण. त्याला साक्ष कशाला लागते?” म्हातारीनं डोळे पुसले. “धाकट्यापर्यंत मी वेळेवर नाही पोचले. त्याचा बोल तू मला नाही लावणार, पण मी स्वतःला लावीन.”

मग ती ह्याच काठावर राहिली आणि रोज आली. गाल भरून यायची, म्हणून वाटेत कुणी हाक मारली तरी बोलत नसे. आणि ती इकडं येत होती, म्हणून बैठकीत तिचा आवाज येईनासा झाला. “भसाड्या हरला! पळाला!” असं सातभाईंनी जाहीर केलं. धनोबाला त्यांनी बैठकीचा मुखिया केलं. तो ढोलीकडं कधी तरी यायचा, पण लांबच्या फांदीवर बसायचा. आत बघत नसे. “बरं आहे ना सगळं?” असं वरवर विचारायचा आणि उत्तराआधी उडायचा.

चैत्र लागला. एका सकाळी धनोबा ऐन भाषणात होता आणि पश्चिमेकडून गरम वारा आला. धुकं आधी विरलं, मग फाटलं, मग कुणी पांघरूण ओढून घ्यावं तसं एकदम गेलं. बैठकीत बसलेल्या सगळ्यांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं. वाघासारखा बोलणारा उंदीर आपल्या दगडाआड दडला. आणि सगळ्यांच्या नजरा गेल्या सावरीखाली. तिथं उंबराच्या बियांचा ढीग पडला होता. गिळलेल्या, जिरलेल्या उंबरांच्या बिया, थरावर थर, आणि खालच्या थराला तर कोवळे हिरवे कोंब फुटलेले. त्याच काठावर थोडं पुढं बेहडा होता, त्याच्या ढोलीशी फाटक्या कानाची म्हातारी माकडीण गाल रिकामे करत होती, आणि खाली जमीन स्वच्छ होती. एकही शब्द न बोलता सगळ्यांना सगळं दिसलं.

त्याच वेळी ढोलीतून आवाज आला. ठक्. ठक्. ठक्. धनाईला नवी पिसं आली होती. तिनं आतून दार फोडलं, वाळका चिखल खपल्या-खपल्यांनी खाली पडला, आणि ती उन्हात येऊन बसली. हडकुळी, डोळे मिचकावत, जशी काही कुठल्या लांबच्या स्वप्नातून चालत आलीय. मागं ढोलीत थोरलं ओरडत होतं. एकटंच.

सगळं रान बेहड्याखाली गोळा झालं. धाकट्याचं कळल्यावर शेकरू ढसाढसा रडली. “मला काय माहीत गं? मी ऐकलं ते मानलं!”

“दोष धुक्याचा आहे,” कोल्हा म्हणाला. “धुक्यात आवाज ओळखू येत नाहीत.”

“धुक्याचा! धुक्याचा!”

“दोष भृंगराजाचा. तो आवाज काढतो म्हणून शंका आली.”

“भृंगराजाचा! भृंगराजाचा!”

“कायदा नव्हता ना,” होला म्हणाला. “कायदा असता तर...”

तेवढ्यात भस्स... भस्स... करत धनोबा आला. चोच खाली. पण सवय वाईट असते, मुलांनो. एवढे सगळे ऐकायला जमलेले दिसले आणि त्याची मान आपोआप वर झाली. “बंधूंनो, भगिनींनो,” तो म्हणाला, “कुणा एकाला बोल लावून काय होणार? ही आपल्या सगळ्या रानाची चूक आहे. आपण सगळेच थोडे थोडे दोषी आहोत.”

सातभाईंनी चोची उघडल्या, पण म्हातारी माकडीण त्यांच्यावर असे दात विचकून धावली की त्या तशाच मिटल्या.

“आता तू बोल बाई,” ती धनाईला म्हणाली. “दोष कुणाचा?”

धनाईनं सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. तिचा आवाज हळू होता, पण धुकं नसल्यानं तो होता तेवढाच ऐकू आला.

“धुकं दर साली येतं, दर साली जातं. कोल्हा कोल्ह्यासारखा वागला. सातभाई वारा येईल तसे डोलले. शेकरू, मी तुला सांगितलं, तरी तू ढोलीत डोकावून पाहिलं नाहीस, ते तू आठवत राहा. पण माझा आवाज खरा की बनावट, हे तुम्हा कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. इथं एकाला ठाऊक होतं. त्यानं ओळखला आणि नाही म्हणाला.”

“कोण तो? नाव सांग,” म्हातारी म्हणाली.

त्या रानात नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घ्यायची चाल नव्हती. आईनं घेतलं नव्हतं, आजीनं घेतलं नव्हतं, धनाईनंही आजवर ‘अहो’ म्हणूनच दिवस काढले होते. तिनं एकदा ढोलीत वळून पाहिलं, मग नवे पंख उघडून मिटले आणि सगळ्या रानासमोर ते नाव घेतलं.

तात्पर्य : कोण किती चांगलं बोललं यावरून त्याचं घर ओळखू नये, जाऊन बघावं, आणि चूक ‘सगळ्यांची थोडी थोडी’ म्हणून कुणी वाटायला बसलं, तर धनाईसारखं मान वर करून सरळ नाव घ्यावं, जसं तिनं घेतलं : धनोबा.